एकच गणित, दोन गिऱ्हाइकं

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मला मध्यंतरी अर्धा तास बसावं लागलं. आमच्या गच्चीवरच्या टाकीचा स्टँड व्हायचा होता. शेजारी एक मिस्त्री सहा एमएमचा पत्रा अंथरून त्यावर खडूनं मार्किंग करत होते. आतून सातशे एमएम व्यासाचा ड्रम करायचा होता, त्यासाठी पत्रा किती लांब कापायचा एवढाच प्रश्न. त्यांनी मोबाइलवर ७०६ गुणिले २२ भागिले ७ केलं आणि २२१९ वर रेघ मारली.

मी गणित शिकवते. गप्प बसवेना. "ड्रम सातशेचा ना? मग सातशे सहा कुठून आलं?"

"पत्र्याची जाडी धरायला लागती, मॅडम. वाकवताना आतली बाजू आवळती, बाहेरची ताणती. मधली हाय तेवढीच राहती. म्हणून मधला डायमीटर."

"आणि पाय (π) म्हणजे काही नक्की बावीस सप्तमांश नव्हे."

"ते एखादा एमएम इकडंतिकडं. वेल्डिंगच्या गॅपमध्ये जातंय की."

घरी येऊन हिशेब मांडला. बावीस सप्तमांश धरून लांबी येते २२१८.८६ मिलिमीटर. पायची खरी किंमत धरली तर २२१७.९६. फरक नऊ दशांश मिलिमीटर. याउलट जाडी विसरून नुसता सातशेचा व्यास धरला असता, तर पत्रा जवळजवळ १९ मिलिमीटर आखूड पडला असता, ड्रम आतून ६९४ चा झाला असता आणि झाकण बसलं नसतं. कोणती चूक पोटात घालायची आणि कोणती नाही, हे त्या गृहस्थांना पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी माझी एक जुनी विद्यार्थिनी बी.एड.चा सराव पाठ घेत होती, तिनं बोलावलं म्हणून नववीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. पाठ वास्तव संख्यांचा. टाचण नेटकं, फळ्यावरचं अक्षर सुरेख. पाय ही अपरिमेय संख्या आहे, म्हणजे ती पूर्णांकांच्या अपूर्णांकात लिहिता येत नाही, असं तिनं सांगितलं. लगेच एका मुलीनं हात वर केला. "मग आपण बावीस सप्तमांश लिहितो ते काय?" माझी विद्यार्थिनी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "परीक्षेत तेवढंच धरायचं." मुलगी खाली बसली. बी.एस्सी.ला हिला रिअल ॲनालिसिसमध्ये चांगले मार्क होते. मीच दिले होते.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त परीघ काढायच्या दोन रीती एकाच श्लोकात सांगून ठेवल्या आहेत. व्यासाला ३९२७ नं गुणून १२५० नं भागा, तो सूक्ष्म परीघ. किंवा २२ नं गुणून ७ नं भागा, तो स्थूल, पण व्यवहाराला योग्य. पहिल्या रीतीनं पाय ३.१४१६ येतो. म्हणजे मिस्त्रींचं उत्तरही त्या श्लोकात आहे आणि नववीतल्या मुलीचंही. शिक्षक होणाऱ्याला विद्यापीठात आपण बहुतांशी सूक्ष्म गणित शिकवतो, इंजिनिअर होणाऱ्याला व्यवहारयोग्य. या दोहोंमध्ये जी फट आहे ती दोघांनाही दाखवत नाही. आणि नेमका नोकरीत प्रश्न येतो तो त्या फटीतूनच.

आधी वाटा कोणत्या ते थोडक्यात, कारण जून आला की पालकांचे फोन याच्यावरच असतात. सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातले. हायस्कूलला गणित शिकवायचं तर बी.एस्सी. आणि मग बी.एड., ज्युनिअर कॉलेजला शिकवायचं तर एम.एस्सी. आणि बी.एड. पहिली ते पाचवीसाठी डी.एड.चीच वाट, बी.एड. तिथे चालत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे. शिवाय टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. नव्या शैक्षणिक धोरणात बारावीनंतर चार वर्षांचा एकत्रित शिक्षक-शिक्षण अभ्यासक्रमही आला आहे. तांत्रिक बाजूला दहावीनंतर डिप्लोमा किंवा बारावीनंतर इंजिनिअरिंग. तिथे गणिताला एम-वन, एम-टू, एम-थ्री असंच म्हणतात आणि ते 'काढायचं' असतं, दात काढतात तसं. सांगलीला या दोन्ही वाटा एकाच रस्त्यावर भेटतात. विश्रामबागेत १९१९ चं विलिंग्डन महाविद्यालय आणि त्याच परिसरात १९४७ साली सुरू झालेलं, पुढे वालचंद नावानं ओळखलं जाऊ लागलेलं अभियांत्रिकी महाविद्यालय. दोन्हीकडची पोरं एकाच टपरीवर चहा पितात आणि एकमेकांच्या गणिताला नावं ठेवतात.

आता शिक्षकाचं गणित. "आठवीला भागाकारच शिकवायचा, तर ग्रुप आणि रिंग कशाला?" हा बी.एस्सी.च्या अमूर्त बीजगणिताबद्दलचा प्रश्न मला दर वर्षी येतो. उत्तरादाखल मी एकच काम देते: पावणेदोन भागिले अर्धा. सोडवा, आणि त्यावर एक गोष्ट रचा. सोडवतात सगळे, भाजकाचा व्यस्त करून गुणलं की साडेतीन. गोष्टीत मात्र निम्मे जण अडकतात. "पावणेदोन किलो पेढे दोघांत निम्मे वाटले" असं लिहितात. ते तर दोननं भागणं झालं, उत्तर साडेतीन कसं येईल?

आपलीच पोरं कच्ची असं समजू नका. लिपिंग मा या संशोधिकेनं १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न शिक्षकांना विचारला होता. अमेरिकेतल्या २३ शिक्षकांपैकी एकालाच बरोबर गोष्ट रचता आली. चीनमधल्या ७२ शिक्षकांपैकी ९० टक्क्यांना आली. गंमत अशी की त्या चिनी शिक्षकांचं कॉलेजचं शिक्षण अमेरिकनांपेक्षा कमी होतं. शाळेचंच गणित त्यांनी मुळापासून उकललं होतं.

गोष्ट तर डेअरीवर रोज घडते. पावणेदोन लिटर दूध, अर्ध्या लिटरचं माप, किती मापं भरतील? एका लिटरात दोन भरतात, तर पावणेदोन लिटरात पावणेदोनच्या दुप्पट. 'उलटं करून गुणा' या नियमातलं उलटं करणं म्हणजे 'एका लिटरात किती मापं' हे विचारणं. माप पाऊण लिटरचं असेल तर एका लिटरात चार तृतीयांश मापं. बस्स. (आपल्या आज्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी पाठ असायची. औट म्हणजे साडेतीन, हे वाक्य हल्लीच्या वर्गात म्हणून पाहा, मुलं परग्रहावरच्या माणसाकडे बघावं तसं बघतात.)

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षी 'फील्ड' शिकवतात तेव्हा व्याख्येत एक ओळ असते: शून्य सोडून प्रत्येक घटकाला गुणाकार-व्यस्त असतो. ती ओळ म्हणजे हे दुधाचं माप. पण तसं कुणी सांगत नाही, मीही कित्येक वर्षं सांगितलं नव्हतं.

उणे गुणिले उणे अधिक का, हे तर अजून सोपं. 'रिंग'च्या पहिल्याच तासाला येतं. कशालाही शून्यानं गुणलं की शून्य. शून्य म्हणजे १ अधिक उणे १. म्हणजे उणे १ गुणिले (१ अधिक उणे १) बरोबर शून्य. कंस सोडवा: पहिला गुणाकार उणे १ आला, दुसरा आहे (−१)×(−१). दोघांची बेरीज शून्य व्हायची असेल तर त्या दुसऱ्यानं अधिक १ असल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे हा काही सरांचा हुकूम नव्हे. कंस सोडवायची रीत ऋण संख्यांतही टिकवायची असेल तर मोजावी लागणारी किंमत आहे ती.

आणि ज्याच्या नावानं पोरं बोटं मोडतात ते एप्सिलॉन. ०.९९९… असं अनंतापर्यंत लिहिलं तर ते १ च असतं, हे आठवीतल्या मुलाला पटत नाही. "थोडं तरी कमी असणारच." ठीक, किती कमी? तो म्हणतो, एक हजारांश. मी म्हणते, चार नऊ लिही, अंतर एक दशसहस्रांश राहिलं, तुझ्याहून कमी. तो म्हणतो, एक लक्षांश. मी म्हणते, सहा नऊ. तो जी फट सांगेल तिच्यापेक्षा मी पुढे जाऊ शकते, म्हणजे त्याच्याकडे एकही फट उरत नाही. त्यानं सांगितलेली फट हा एप्सिलॉन आणि किती नऊ लागले हे माझं उत्तर. रिअल ॲनालिसिसची निम्मी पानं म्हणजे हा एवढा संवाद आहे, फक्त ग्रीक अक्षरांत. ज्याला हा संवाद कळला तो पायच्या प्रश्नाला "परीक्षेत तेवढंच धरायचं" म्हणणार नाही. तो सांगेल की २२/७ पायच्या जवळ आहे, १२६ लाखांशांएवढाच पुढे आहे, ३९२७/१२५० त्याहून खूप जवळ आहे, आणि आणखी जवळ जाणारे अपूर्णांक कितीही मिळतील, पण त्यातला एकही पाय नव्हे.

फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञानं १९०८ च्या सुमारास ग्योटिंगेनमध्ये शाळामास्तरांसाठी खास व्याख्यानं दिली. त्याचं निदान असं होतं: मुलगा विद्यापीठात येतो तेव्हा त्याला शाळेचं गणित विसरायला लावतात, आणि शिक्षक होऊन शाळेत जातो तेव्हा तो विद्यापीठाचं विसरतो. धागा दोनदा तुटतो. शंभराहून अधिक वर्षं झाली. आपल्याकडे तर तोडायची व्यवस्थाही चोख आहे: गणित एका कॉलेजात, शिकवण्याची पद्धत दुसऱ्या कॉलेजात, आणि दोन्हीकडच्या प्राध्यापकांची गाठ पडलीच तर पेपर तपासणीच्या केंद्रावर.

इंजिनिअरिंगवाल्यांची तक्रार उलटी. "मॅडम, हे लागतं कुठं?" लाप्लास ट्रान्सफॉर्म घ्या. जुनी माणसं मोठे गुणाकार लॉगच्या तक्त्यातून करायची: आकडे लॉगमध्ये न्यायचे, बेरीज करायची, परत आणायचं. लाप्लास म्हणजे तीच युक्ती एक पायरी वर, अवघड डिफरन्शियल इक्वेशन साध्या बीजगणितात नेऊन सोडवायचं आणि परतायचं. एवढं सांगितलं की पुरतं.

फुरिए सिरीजला मात्र मी पोरांना मिरजेला जायला सांगते. दहा किलोमीटरवर तंबोरे करणारी घरं आहेत. कारागीर घोडीवर तार टेकते तिथला पृष्ठभाग बारीक घासून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, आणि एका जागी तार एकदम बोलू लागते. खर्जाची एकच तार छेडली तरी जाणकाराला त्यात गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो येतो कुठून? समजा खर्जाची तार सेकंदाला ११० वेळा कंप पावते. तेव्हा ती एकाच वेळी २२०, ३३०, ४४०, ५५० अशीही थरथरत असते. २२० आणि ४४० हे वरचे षड्जच. ३३० हा पंचम, कारण ३३० भागिले २२० म्हणजे दीडपट. आणि ५५० भागिले ४४० म्हणजे सव्वापट, तो गंधार. फुरिएनं १८२२ च्या आपल्या उष्णतेवरच्या ग्रंथात मांडलेलं म्हणणं हेच: पुन्हा पुन्हा येणारी कुठलीही लहर अशा साध्या लहरींची बेरीज म्हणून लिहिता येते. कोणती लहर किती जोरात, हे सांगणारे आकडे म्हणजे फुरिए कोइफिशंट्स, जे परीक्षेत इंटिग्रेशन करून काढताना पोरांच्या नाकी नऊ येतात. जवारी काढणारा ते आकडे कानसानं बदलतो.

यात आणखी एक मजा आहे. पुस्तकातल्या तारेला बरोबर मध्यावर छेडलं तर सम क्रमांकाच्या लहरी उमटूच नयेत. तंबोऱ्यात त्या उमटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या एका लेखात ही गोष्ट नोंदवली. कारण पुस्तकातली तार दोन टोकांना पक्की बांधलेली असते, आणि तंबोऱ्याची तार रुंद घोडीवर लोळत असते. प्रमेय चुकलं नाही. त्याची अट तंबोऱ्यानं पाळली नाही. साखर कारखान्यातल्या टर्बाइनच्या बेअरिंगवर सेन्सर लावून याच गणितानं बिघाड आधी ओळखतात, तिथेही अट कुठे मोडतेय हे बघणाराच खरा इंजिनिअर.

अटी न वाचायची सवय इंजिनिअरिंगला फार. न्यूटन-रॅफसनची पद्धत, म्हणजे एका अंदाजापासून सुरू करून पायरीपायरीनं समीकरणाच्या उत्तराजवळ जायचं, सगळ्यांना पाठ. मी एक समीकरण देते: क्ष घन, उणे दोन क्ष, अधिक दोन, बरोबर शून्य. सुरुवात शून्यापासून करा म्हणते. कॅल्क्युलेटर सांगतो १. पुढची पायरी शून्य. मग १. मग शून्य. पोरं वीस पायऱ्या करतात आणि माझ्याकडे बघतात. उत्तर आहे, पद्धत बरोबर आहे, सुरुवातीची जागा चुकली आहे. ही 'जागा' कशी निवडायची ते बी.एस्सी.च्या कन्व्हर्जन्सच्या (पायऱ्या उत्तराकडे जातात की नाही, याच्या) प्रकरणात असतं, जे यांच्या सिलॅबसात दोन ओळींत उरकलेलं असतं. डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचे हाल वेगळे. हात चांगला, मशीन कळतं, पण पहिल्या वर्षाचं गणित बहुधा त्यांच्या वाट्याला आलेलंच नसतं आणि एम-थ्री ते येतं असं धरून चालू होतं. त्यांनी सुट्टीत मॅट्रिक्स आणि इंटिग्रेशन एवढंच घोटावं, बाकी जमतं.

पालकांना माझा सल्ला एवढाच असतो: विषयाच्या नावावर जाऊ नका. शिक्षक व्हायचं असेल तर बी.एस्सी.ला न्यूमरिकल मेथड्स किंवा स्टॅटिस्टिक्स हातचं सोडू नका, आणि प्रत्येक प्रमेयाच्या बाजूला 'हे शाळेत कुठल्या इयत्तेत लपलंय' ते पेन्सिलीनं लिहा. टेक्निकलला असाल तर प्रत्येक सूत्राच्या बाजूला 'हे कधी चालत नाही' ते लिहा. गाइडमध्ये ही दोन्ही वाक्यं सापडायची नाहीत.

गेल्या पावसाळ्यात मी दोन्हीकडची पोरं एकत्र बसवून एक तास घेतला. विषय सांगलीतला कृष्णेवरचा आयर्विन पूल, जिथे पुराची पातळी मोजतात. सांगलीकराला कृष्णेचं डेरिव्हेटिव्ह शिकवावं लागत नाही. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं अजून भिंतींवर दिसतं. पण त्या काळात "पाणी किती फूट?" एवढ्यावर कुणी थांबत नाही. लगेच दुसरा प्रश्न: "तासाला किती इंचानं वाढतंय?"

फळ्यावर मी मनचे आकडे मांडले. सकाळी सहाला ३८ फूट. नऊला ३८ फूट ९ इंच. बाराला ३९ फूट ३ इंच. तीनला ३९ फूट ६ इंच. पाणी सतत वाढतंय. पण वाढ तासाला आधी तीन इंच, मग दोन, मग एक. उंची हे फंक्शन, तासाची वाढ हे पहिलं डेरिव्हेटिव्ह, आणि ती वाढच दर तीन तासांनी एका इंचानं घटतेय हे दुसरं. साडेसातच्या आसपास वेग तीन, साडेदहाला दोन, दीडला एक, म्हणजे साडेचारला शून्य. तिथे पाणी थांबेल.

मग कोयना. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). पन्नास हजार क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं तर किती गेलं? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, दिवसात ८६,४०० सेकंद, गुणाकार ४३२ कोटी घनफूट, म्हणजे ४.३२ टीएमसी. विसर्ग दर तासाला बदलत असेल तर तासातासाचं पाणी काढून बेरीज, आणि तास बारीक करत नेला की तेच इंटिग्रेशन. एम-थ्री झालेला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, साइनचा सहावा घात इंटिग्रेट करता येतो, पण हे असं आहे माहीत नव्हतं." बी.एस्सी.च्या एका मुलीनं विचारलं, पातळी सलग बदलते हे आपण गृहीत धरलं, पण नोंद तर तीन तासांनी होते, मधे काय झालं कुणी बघितलं? इंजिनिअरिंगच्या पोरांनी तोवर मोबाइलवर आलेख काढून साडेचारला गोल केला होता.

शेवटच्या बाकावर हरिपूरचा एक मुलगा होता, डिप्लोमाहून आलेला. हरिपूरला कृष्णा आणि वारणा यांचा संगम आहे, सांगलीच्या थोडंसं खाली. वारणा तुडुंब असली की कृष्णेच्या पाण्याला पुढे जायला जागा मिळत नाही आणि ते सांगलीतच तुंबतं.

"मॅडम," तो म्हणाला, "ह्यात वारणा कुठं धरलीय?"

धरली नव्हती. मी डस्टर घेतला, साडेचारचा गोल पुसला आणि वारणेसाठी फळ्यावर आणखी एक रकाना आखला.